आदर्श बोलकं घर

आशिया-प्रशांत विभागातल्या तरुणांनी एकत्र येऊन इंटरनेटचा समाजावर काय परिणाम होतो याचा शोध घ्यावा, असं वरच्या पातळीवर ठरलं. वरची पातळी म्हणजे नेमकी कुठली, हे खालच्या पातळीवर कोणालाच ठाऊक नव्हतं. पण आदेश आला होता, आणि आदेश आला की महाविद्यालयाला एक विद्यार्थी पाठवावाच लागतो. प्राचार्यांनी निकष जाहीर केले. उमेदवार तरुण असावा, त्याच्याकडे पासपोर्ट असावा आणि त्या आठवड्यात त्याची परीक्षा नसावी. तरुण पुष्कळ निघाले. पासपोर्टवालेही निघाले. परीक्षा नसलेली मात्र एकच मुलगी निघाली, कारण तिच्या विषयाचे प्राध्यापक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कोणाला नेमायचं हे अजून वरच्या पातळीवर ठरायचं होतं. अशा रीतीने अत्यंत कठोर निवडप्रक्रियेतून तिची निवड झाली.

लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. घर तसं शांत होतं. खाली बाबांचं चष्म्याचं दुकान आणि वर राहायच्या दोन खोल्या. बाबा दिवसभर चष्म्याच्या दांड्या बसवत, काचा घासत. ते बारीकबारीक स्क्रू ओठांत धरून काम करत, त्यामुळे गिऱ्हाइकाशी आणि घरच्यांशी ते एकाच शब्दात बोलत. तो शब्द म्हणजे ‘हूं’. आई एका बँकेच्या ग्राहकसेवेत होती. वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ती दिवसभर अनोळखी लोकांची समजूत घाले. संध्याकाळी हेडफोन उतरवला की तिला स्वतःचाही आवाज नकोसा होई. मग तिघं जण दुकानाच्या मागच्या बाजूला चहा घेत बसत. बाबा काहीतरी घासत, आई डोळे मिटून टेकून बसे, भिंगरी वाचे. कोणी काही बोलत नसे आणि कोणाला काही कमी पडलंय असं वाटत नसे. बोलण्याचा घरगुती साठा त्याहूनही वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याकडे होता. ती अधूनमधून खाली येऊन सगळ्यांच्या वाटणीचं बोलून जाई.

परिषद समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात होती. चर्चेत व्यत्यय नको म्हणून दारातच सगळ्यांचे फोन काढून घेण्यात आले. आत गेल्यावर कळलं की मतदान फोनवरूनच करायचं आहे. मग फोन परत घेण्यासाठी रांग लागली. रांगेतच खरी चर्चा झाली आणि ती चांगली झाली.

भिंगरीच्या गटात एका लहानशा बेटावरून आलेला मुलगा होता. तो म्हणाला, “आमच्याकडे समुद्राखालून एकच केबल येते. मागे एका जहाजाचा नांगर तिच्यावर पडला. कितीतरी दिवस नेट नव्हतं.”

“मग लोकांनी काय केलं?” भिंगरीने विचारलं.

“आधी एकमेकांची चौकशी केली. मग गप्पा मारल्या. मग जुनी भांडणं आठवली. माझे दोन काका तर जमिनीच्या वादापर्यंत पोचले होते. केबल जोडली तेव्हा सगळे म्हणाले, सुटलो बाबा.”

त्याची मागणी साधी होती. दुसरी केबल हवी. गटातली एक मुलगी उंच इमारतींच्या शहरातून आली होती. लोकांनी नेटवर टाकलेले भयंकर व्हिडिओ दिवसभर बघून काढून टाकायचे, अशी तिच्या भावाची नोकरी होती. त्याला झोप लागत नव्हती. अशा मुलांसाठी कंपन्यांनी डॉक्टर नेमावेत, असं तिचं म्हणणं होतं. तिसऱ्याला वाटत होतं की शाळकरी मुलांची माहिती विकण्यावर बंदी यावी. भिंगरीने हे सगळं मन लावून लिहून काढलं. शेवटी जागा उरली म्हणून, आणि बेटावरच्या काकांची आठवण होऊन, तिने खाली आणखी एक ओळ टाकली : ‘घरातल्या माणसांनी दिवसातून थोडा वेळ एकमेकांशी बोलावं.’

मसुदा मंजुरीला गेला. दुसऱ्या केबलला पहिली केबल ज्यांची होती त्यांनी हरकत घेतली. डॉक्टरांना ज्यांच्या देशात त्या कंपन्या होत्या त्यांनी हरकत घेतली. माहिती विकण्यावरच्या बंदीला जे विकत होते त्यांनी आणि जे विकत घेत होते त्यांनी, दोघांनीही एकाच शब्दांत हरकत घेतली. उरली ती शेवटची ओळ. तिला खर्च नव्हता, त्यामुळे कोणत्याही देशाचा विरोध नव्हता. टाळ्यांच्या कडकडाटात ती ओळ ‘आशिया-प्रशांत तरुणाईचा आवाज’ म्हणून मंजूर झाली.

भिंगरी घरी परतली तेव्हा तिच्या स्वागताला आंतरजाल-सामाजिक-परिणाम विभागाचे सहसंचालक स्वतः हजर होते. त्यांनी तिला पुष्पगुच्छ दिला, फोटो काढून झाल्यावर तो परत घेतला आणि म्हणाले, “तुमच्या ओळीची आम्ही काटेकोर अंमलबजावणी करणार आहोत.”

“अंमलबजावणी म्हणजे?” भिंगरी म्हणाली. “ती नुसती सूचना आहे, साहेब. ज्यांना बोलावंसं वाटतं ते बोलतील.”

“आणि ज्यांना वाटत नाही त्यांच्यासाठीच तर शासन असतं,” सहसंचालक म्हणाले.

महिनाभरात ‘घरोघरी संवाद अभियान’ सुरू झालं. प्रत्येक कुटुंबाने रोज अर्धा तास आपसात बोलणं बंधनकारक ठरलं. लोक बोलतात की नाही हे कळायचं कसं, असा प्रश्न निघाला. तेव्हा विभागाने ‘बोलघर’ नावाचं ॲप काढलं. फोन घराच्या मध्यभागी ठेवायचा. तो ऐकणार, मोजणार आणि गुण देणार. लोकांनी फोन बाजूला ठेवून एकमेकांशी बोलावं, या हेतूने ज्या घरांत फोन नव्हते त्यांनाही ते घ्यायला लावण्यात आले. भिंगरीला युवा संवाददूत नेमण्यात आलं. सुरुवातीला तिला अभिमानही वाटला. आपण लिहिलेली ओळ बसथांब्यावरच्या फलकावर वाचायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

पहिल्या आठवड्यातच असं निदर्शनास आलं की लोक फोन टीव्हीसमोर ठेवत आहेत. मालिकांमधल्या सासवा-सुनांच्या जोरावर कित्येक घरं पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती. विभागाने कॅमेरा सक्तीचा केला. मग लोक कॅमेऱ्यासमोर बसून तोंडं हलवू लागले. विभागाने विषयांची तपासणी सुरू केली. एकच विषय दोनदा आला तर गुण कापले जाऊ लागले, त्यामुळे ‘जेवलास का?’ हा प्रश्न घराघरांतून हद्दपार झाला. लोकांचे विषय संपले तेव्हा ॲपनेच विषय पुरवायला सुरुवात केली. ऐन जेवणात फोन वाजे आणि पडद्यावर सूचना येई : ‘वडिलांना त्यांच्या स्वप्नांबद्दल विचारा.’ पोरं मुकाट्याने विचारत. वडील घाबरून आईकडे बघत.

आत्याला मात्र हे दिवस मानवतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ती एकटी राहायची. ‘एकतर्फी वक्तव्य’ असा शेरा मारून ॲपने तिला शून्य दिलं. आत्या भडकली. “आयुष्यभर बोलले मी! आणि हा मेला डबा मला शून्य देतो?” मग ज्या घरांत कोणालाच काही सुचत नव्हतं, अशी घरं तिला पैसे देऊन बोलावू लागली. तात्पुरती आत्या म्हणून ती सकाळी एका घरी आणि संध्याकाळी दुसऱ्या घरी जाऊ लागली. स्वतःच्या भावाच्या घरी यायला तिला सवड उरली नाही. एकदा जिन्यात भेटली तेव्हा आवाज बसलेला होता. “रागावू नकोस गं,” ती भिंगरीला कुजबुजत म्हणाली, “पण फुकटचं बोलणं आता परवडत नाही.”

सगळ्यांत वाईट अवस्था संवाददूताच्या घराची झाली. बाबांचा ‘हूं’ ॲपला शब्द वाटत नव्हता. ‘घरात पुरुष व्यक्ती आढळली नाही’ अशी नोंद होत होती. आईचा आवाज मात्र वरच्या खोलीतून दिवसभर ऐकू येई, तोही परक्या माणसांशी, अतिशय गोड. ‘कुटुंबाबाहेर अति-संवाद, कुटुंबात मौन’ असा निष्कर्ष काढून ॲपने आईबाबांना विवाह-समुपदेशनाची तारीख परस्पर देऊन टाकली.

आईने ती सूचना वाचली आणि बाबांपुढे धरली. “अहो, हे बघा. आपलं पटत नाही म्हणे.”

बाबांनी वाचलं, चष्मा वर केला, आईकडे बघितलं. “हूं?”

“मलाही आत्ताच कळतंय,” आई म्हणाली.

यावर दोघं हसली. पण हसण्याला गुण नव्हते. पुढच्या आठवड्यात घराचं नेट तोडण्यात आलं. कारण सरळ होतं : ज्या घरात संवाद नाही तिथे इंटरनेटचा दुष्परिणाम झालेला आहे, सबब इंटरनेट बंद. नेट बंद झाल्यावर ॲपला आवाज पाठवता येईना, त्यामुळे गुण शून्यावर आले. आणि गुण शून्यावर असल्यामुळे नेट सुरू करता येईना. आईचं काम थांबलं. बँकेने तिला चार वेळा विचारलं आणि पाचव्यांदा समज दिली की या महिन्यात काम सुरू झालं नाही तर दुसरी बाई बघू. त्या रात्री आई जेवली नाही. आता भिंगरीला बसथांब्यावरची आपली ओळ वाचवेना. ती रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली.

शेवटी ती सहसंचालकांच्या कार्यालयात गेली. बाहेरच्या बाकांवर पुष्कळ माणसं बसली होती आणि प्रत्येक जण फोन तोंडाशी धरून घरच्यांशी बोलत होता. आत सहसंचालकही तेच करत होते.

“आज हवा फार छान आहे,” ते फोनमध्ये म्हणत होते. “तुझं बालपण कसं गेलं?”

पलीकडून बायकोचा आवाज आला, “काल सांगितलं ना. कापतील गुण.”

“बरं, मग माझं ऐक,” म्हणून त्यांनी आपल्या बालपणाला हात घातला. ते आटोपेपर्यंत भिंगरी उभी राहिली.

“साहेब,” ती म्हणाली, “आमच्या घरी कोणी फारसं बोलत नाही. पण आमचं सगळं ठीक आहे.”

“पुरावा?”

भिंगरीने विचार केला. “मी रात्री वाचता वाचता झोपते. सकाळी उठते तेव्हा माझा चष्मा पुसून पुस्तकावर ठेवलेला असतो. बाबा ठेवतात. कधी बोलून दाखवत नाहीत.”

सहसंचालक पुढे झुकले. “पुसताना आवाज येतो का?”

“नाही.”

“मग ते व्यवस्थेत बसत नाही,” ते हळहळून म्हणाले. मनाने ते वाईट नव्हते. फक्त पदावर होते. “एक सवलत आहे. वडील मुके असल्याचा दाखला आणा. मुक्या सदस्याला आपोआप निम्मे गुण मिळतात. नेट लगेच सुरू होईल.”

दाखला देणाऱ्या डॉक्टरांपुढे बाबांना उभं करण्यात आलं. भिंगरीने वाटेत दहादा बजावलं होतं की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांनी घसा बघितला, जीभ बघितली, आणि तपासणीतला शेवटचा प्रश्न विचारला : “तुम्हाला बोलता येतं का?”

बाबांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. “हो,” ते म्हणाले.

डॉक्टरांच्या टेबलावरच्या फोनने हा शब्द टिपला आणि ‘कुटुंबाबाहेर संवाद’ या सदरात बाबांच्या नावावर आणखी एक दोष चढला.

नेमकं त्याच सुमारास आशिया-प्रशांतच्या तरुणांचं दुसरं संमेलन ऑनलाइन भरलं. भिंगरी शेजाऱ्यांच्या घरी बसून त्यात सामील झाली. पडद्यावर बेटावरचा मुलगा दिसला. तो बारीक झाला होता. त्यांच्याकडेही अभियान पोचलं होतं. “केबल अजून एकच आहे,” तो म्हणाला, “आणि सगळ्या बेटाचं बोलणं तिच्यातून जातं. दुपारपर्यंत ती भरते. मग उरलेल्यांना मोजणी-केंद्रापुढे रांग लावून तिथे बोलावं लागतं.”

भिंगरीने हात वर केला. “ही ओळ मी लिहिली होती. मला ती मागे घ्यायची आहे.”

अध्यक्षस्थानी तरुणांचे प्रतिनिधी म्हणून एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांनी कागद चाळले. “ही ओळ म्हणजे तरुणाईचा आवाज आहे,” ते म्हणाले. “तरुणाईचा आवाज असा कुठल्याही तरुणाला मागे घेता येणार नाही. शिवाय तुमचा देश संवादात पहिला आला आहे. अभिनंदन.”

भिंगरी घरी आली आणि रडली. तिने झालं ते सगळं सांगितलं. बाबांनी ओठांतला एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला. मग ते उठले आणि शेजाऱ्यांचा फोन मागून घेऊन आले. त्यावरच्या ‘बोलघर’मध्ये आपल्या घराचं नाव घालून तो त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला. दुकानात चष्म्याच्या जुन्या नंबरांच्या चिठ्ठ्यांची चळत होती, ती पुढ्यात घेतली, घसा खाकरला आणि सुरू केलं.

“उजवा डोळा उणे दोन. डावा डोळा उणे सव्वादोन.”

आईला क्षणभर काही कळलं नाही. मग तिने पाठ ताठ केली आणि कामावरचा आवाज लावला. “आपली अडचण मी समजू शकते. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.”

“जवळचं दिसत नाही,” बाबा म्हणाले. “लांबचं दुहेरी दिसतं.”

“आपण थांबलात याबद्दल आभारी आहे. आणखी काही मदत हवी आहे का?”

“दांडी सैल झाली आहे.”

अर्धा तास हे असंच चाललं. भिंगरी पदराआड तोंड लपवणाऱ्या बाईसारखी पुस्तकाआड तोंड लपवून हसत होती. त्याची ‘श्रोत्याचा भावनिक प्रतिसाद’ म्हणून नोंद झाली. ॲपने पूर्ण गुण दिले. शेरा होता : ‘परस्परांच्या दृष्टिकोनाची खोल जाण. पतीकडून वेदनेची कबुली. पत्नीकडून असामान्य संयम.’ दुसऱ्या दिवशी नेट सुरू झालं. आईची नोकरी वाचली. आठवड्याने त्यांना ‘आदर्श बोलकं घर’ हा पुरस्कार जाहीर झाला.

पुरस्कारात पाटी होती, आणि एक अट होती. आदर्श घराने रोज संध्याकाळी सगळ्या शहरासाठी थेट संवाद करायचा. त्यामुळे संध्याकाळचा चहा गेला. बाबा रोज स्क्रू काढून बसत आणि चिठ्ठ्या वाचत. आई दिवसभर परक्यांची समजूत घालून, संध्याकाळी त्याच आवाजात नवऱ्याची घाले. लोक तो संवाद पाठ करून आपापल्या घरी म्हणू लागले. शेजारच्या खिडकीतून एक नवरा बायकोला मनापासून सांगत असे, “उजवा डोळा उणे दोन,” आणि बायको म्हणे, “आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.” समुपदेशकांच्या मते घटस्फोटांचं प्रमाण घटलं, कारण घटस्फोट मागायला लागणारे शब्द आता कोणी वाया घालवत नव्हतं.

मग एका संध्याकाळी ‘बोलघर’ बंद पडलं. यंत्रणेची दुरुस्ती, उद्यापर्यंत नोंद होणार नाही, अशी सूचना आली. सगळ्या शहराचा थरकाप उडाला. नोंद होणार नसेल तर आज बोललेलं सगळं फुकट जाणार होतं. आया पोरांना दटावू लागल्या, “गप्प बस, आज काही सांगू नकोस, उद्यासाठी ठेव.” दुकानदार बोटांनी भाव सांगू लागले. सहसंचालकांनी घरी जाऊन बायकोला नुसती मान हलवून हाक मारली. रस्त्यावरून चालताना फक्त चपलांचे आवाज येत होते.

आदर्श घरात बाबांनी ओठांत स्क्रू धरले आणि खूप दिवसांनी एक चष्मा दुरुस्त करायला घेतला. आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. भिंगरीने चहा केला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आईने डोळे उघडले आणि बाबांच्या हातांकडे बघितलं.

“अहो, बोटं दुखतात का हल्ली?”

बाबांनी स्क्रू काढून हातात घेतले. “थोडी. थंडीत जास्त.”

“सांगितलं नाहीत.”

“तू दमलेली असतेस.”

आईने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं चोळत बसली. भिंगरी पुस्तकाचं पान न उलटता तशीच बसून राहिली. आपण तेव्हा हॉटेलात जे लिहिलं होतं ते हेच होतं, असं तिला वाटलं. आणि ते लिहायला नको होतं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी विभागाने अहवाल काढला. ॲप बंद होताच सबंध शहर मुकं झाल्याचं त्यात आकडेवारीसह दाखवलं होतं. ॲपशिवाय माणसं एकमेकांशी बोलत नाहीत हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं होतं, आणि म्हणून ‘बोलघर’ कायमचं करण्यात आलं. त्या संध्याकाळी शहरात झालेल्या एकूण संवादांची संख्या अहवालात शून्य दिली आहे.

सुबुद्ध वाचकांना हे सगळं फारच ताणलेलं वाटेल. आपल्या घरी असं काही होत नाही, आपण अजून मोकळेपणाने बोलतो, असंही वाटेल. तसं असेल तर उत्तमच. फक्त मघाशी, तुम्ही हे वाचत असताना, कोणीतरी दाराशी येऊन तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही वर न बघता मान हलवलीत. ते माणूस थोडा वेळ थांबलं आणि निघून गेलं.

काय विचारलं होतं?